चिखलफेकीला आवर : टिकाऊ मडफ्लॅपची निवड आणि जोडणी

पावसाळ्याची चाहूल लागली, की वाहनधारकांची लगबग सुरू होते. वायपरची रबरे बदलली जातात, बॅटरी तपासली जाते, टायरची नक्षी किती उरली आहे ते पाहिले जाते. या यादीत मडफ्लॅपला मात्र क्वचितच स्थान मिळते. नवी मोटार घेताना विक्रेता जोडसाहित्याची यादी पुढे करतो, तेव्हा सीटकव्हर, मॅट आणि म्युझिक सिस्टिम यांच्या खाली कुठेतरी मडफ्लॅपचा उल्लेख असतो. मोफत मिळत असतील तर ते बसवून घेतले जातात. दोन पावसाळ्यांत एखादा फ्लॅप फुटपाथच्या कडेला अडकून तुटतो, दुसरा एकाच स्क्रूवर लोंबकळत राहतो आणि त्यांची कोणाला आठवणही होत नाही.

सायकल किंवा स्कूटरच्या मडगार्डखाली असणारी रबरी पट्टी मराठी घरांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. पायजमा आणि धोतर चिखलापासून वाचवणे हा तिचा सरळसाधा उपयोग. मोटारीच्या मडफ्लॅपचे काम त्याहून थोडे व्यापक आहे. मोटारीचा रंग, पत्रा, मागून येणाऱ्या वाहनाची काच आणि शेजारून जाणाऱ्या दुचाकीस्वाराचे डोळे, अशा चार गोष्टींशी त्याचा संबंध येतो. म्हणूनच तो कसा निवडावा आणि कसा बसवावा, हे समजून घेणे उपयुक्त ठरते.

चिखल उडतो कसा?

फिरणाऱ्या चाकाच्या नक्षीत पाणी, माती आणि बारीक खडे अडकतात. चाकाच्या वेगामुळे ते बाहेर फेकले जाऊ पाहतात. ही ओढ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग दुप्पट झाला तर ओढ चौपट होते. लहान मोटारींना बसणाऱ्या १६५/८० आर १४ या मापाच्या टायरचे उदाहरण घेता येईल. या टायरचा व्यास सुमारे ६२ सेंटिमीटर आणि परीघ जवळजवळ १९५ सेंटिमीटर असतो. ताशी ६० किलोमीटर वेगाला हे चाक सेकंदाला सुमारे साडेआठ फेरे घेते. त्या वेळी नक्षीत अडकलेल्या खड्यावर त्याच्या वजनाच्या सुमारे ९० पट ओढ पडते. ताशी ३० किलोमीटरला हीच ओढ सुमारे २३ पट असते, तर ताशी ९० किलोमीटरला ती २०० पटींच्या पुढे जाते. गावातल्या संथ रहदारीत न सुटलेला खडा महामार्गावर पोहोचताच बंदुकीच्या छऱ्यासारखा का सुटतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

सुटलेला खडा चाकाच्या परिघाला स्पर्शरेषेत, म्हणजे मागे आणि वर असा निघतो. मोटारीच्या सापेक्ष त्याचा वेग मोटारीच्या वेगाइतकाच असतो. त्यामुळे त्याच वेगाने मागून येणाऱ्या वाहनाच्या काचेवर तो ताशी ६० किंवा ८० किलोमीटर वेगाने आदळू शकतो. फ्लॅप हा मारा पूर्ण थांबवत नाही, तो त्याचा कोन कमी करतो. वरील टायरमागे ४० सेंटिमीटरवर चाकाची कमान जमिनीपासून २५ सेंटिमीटर उंचीवर संपत असेल, तर सुमारे ४१ अंशांपर्यंतच्या कोनात चिखल मोकळा उडतो. त्याच जागी फ्लॅपची खालची कड १५ सेंटिमीटरवर आणली, तर हा कोन सुमारे २४ अंशांवर येतो. १० सेंटिमीटरवर आणली तर सुमारे १६ अंशांवर. कोन लहान झाला, की चिखल मागच्या वाहनाच्या काचेपर्यंत चढण्याऐवजी रस्त्यावरच पडतो.

पुढचे स्वतःसाठी, मागचे इतरांसाठी

चार फ्लॅपचे काम सारखे नसते. पुढच्या चाकांमागील फ्लॅप स्वतःच्या मोटारीचे रक्षण करतात. पुढच्या चाकांनी उडवलेली खडी दरवाजाच्या खालच्या भागावर आणि गॅरेजच्या भाषेत ज्याला ‘रनिंग बोर्ड’ म्हणतात त्या पत्र्याच्या पट्टीवर सतत आदळते. रंगाचे बारीक टवके उडतात, त्यातून ओलावा पत्र्यापर्यंत पोहोचतो आणि गंज धरू लागतो. हा भाग नजरेच्या खाली असल्याने गंज रंगाला फुगवटे येईपर्यंत दिसत नाही. किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत ही प्रक्रिया अधिक वेगाने घडते.

मागच्या चाकांचे फ्लॅप मुख्यतः मागून येणाऱ्यांसाठी असतात. मोटारीच्या मालकाला त्यांचा थेट लाभ थोडा. मागचा बंपर आणि क्रमांकाची पाटी काहीशी स्वच्छ राहते, एवढेच. म्हणूनच खर्च वाचवताना पहिली कात्री यांवर चालते. परंतु रात्रीच्या पावसात मुंबई-गोवा महामार्गावर मोटारीमागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या हेल्मेटच्या काचेवर चिखलाचा सपकारा बसला, तर त्याला काही क्षण समोरचे काहीही दिसत नाही. त्या क्षणी खड्डा किंवा वळण समोर असेल तर त्याची किंमत मोटारमालक नव्हे, तो दुचाकीस्वार मोजतो. चारच्या ऐवजी दोनच फ्लॅप घेण्याचा विचार करणाऱ्यांनी हा हिशेब लक्षात घ्यावा.

युरोपात या प्रश्नाकडे नियमांच्या अंगाने पाहिले गेले. मोटारींच्या चाकांवरील आच्छादनाबाबत तेथे १९७८ मध्ये निर्देश निघाला. चाकाच्या मध्यापासून पुढे ३० अंश आणि मागे ५० अंश एवढ्या भागात टायरची पूर्ण रुंदी झाकलेली असावी आणि आच्छादनाची मागची कड चाकाच्या आसापेक्षा १५० मिलिमीटरहून अधिक उंचीवर संपू नये, असे त्यात नमूद होते. जड वाहनांच्या चाकांतून उडणारे तुषार रोखणाऱ्या साधनांसाठी १९९१ मध्ये स्वतंत्र निर्देश आला. पुढे या तरतुदी नव्या नियमावलीत समाविष्ट झाल्या. लहान मोटारीच्या बाबतीत ही अट चाकाची कमानच पूर्ण करू शकते. नियम पाळणारी मोटारही भरपूर चिखल उडवू शकते, ती त्यामुळेच. उरलेले काम फ्लॅपकडे येते.

माती तशी निवड

महाराष्ट्रात एकाच प्रकारचा चिखल नाही. कोकणात जांभ्याची तांबडी माती आणि मुरूम असतो. तो फार चिकटत नाही, पण त्यातले कठीण खडे रंगाला मारक ठरतात. येथे रुंद, जाड आणि लवचीक फ्लॅप उपयोगी पडतो. सह्याद्रीच्या घाटांत पाण्याचा मारा अधिक, शिवाय वळणांवर स्टिअरिंग सतत टोकापर्यंत फिरत असल्याने पुढचा फ्लॅप टायरला घासणार नाही इतके अंतर आवश्यक असते.

मराठवाडा, विदर्भ आणि सोलापूरकडील काळी माती याच्या अगदी उलट वागते. पाणी शोषून ती फुगते आणि कणकेच्या गोळ्यासारखी चाकाला चिकटते. फ्लॅप टायरच्या फार जवळ असला, तर त्या फटीत माती दाटून बसते, चाक जड फिरते आणि शेवटी फ्लॅपच मुळासकट उपटला जातो. अशा भागात शेतरस्त्याने जाणाऱ्यांनी टायर आणि फ्लॅप यांत किमान चार ते पाच सेंटिमीटर मोकळी जागा ठेवावी. माती सहज निघून जावी म्हणून खोलगट, साच्यातील फ्लॅपपेक्षा सपाट फ्लॅप येथे बरा.

शहरातील वाहनधारकांनाही फ्लॅपची गरज असते. रस्त्याच्या डांबरीकरणानंतर टाकलेली बारीक खडी पक्की दबेपर्यंत पुढचे काही दिवस उडतच राहते. चिकट डांबराचे ठिपके रंगावर बसले, तर ते काढणे चिखल धुण्याहून कितीतरी कष्टाचे असते.

साहित्य कोणते?

बाजारात मुख्यतः तीन प्रकार दिसतात. पहिला, मोटार कंपनीचा किंवा त्याच मापाचा साच्यात बनवलेला फ्लॅप. तो कमानीच्या आकाराशी जुळतो आणि बहुधा आधीच असलेल्या छिद्रांत बसतो. दुसरा, कोणत्याही मोटारीला चालेल असा ‘युनिव्हर्सल’ सपाट फ्लॅप. तो कापून, भोके पाडून बसवावा लागतो. तिसरा, रॅलीच्या मोटारींना असतो तसा मोठा, जाड आणि लवचीक फ्लॅप.

साच्यातील अनेक फ्लॅप पॉलिप्रॉपिलीन या कडक प्लॅस्टिकचे असतात. ते हलके व स्वस्त असतात, आकार धरून ठेवतात. मात्र फुटपाथच्या कडेला किंवा दगडाला अडकले तर वाकण्याऐवजी तडकतात. पीव्हीसी मऊ असते, पण त्याला मऊपणा देणारे द्रव्य उन्हातान्हात हळूहळू निघून जाते आणि काही वर्षांत ते ठिसूळ बनते. हलक्या प्रतीच्या, भरड भेसळीच्या पीव्हीसीत हे लवकर घडते. नैसर्गिक रबर चिवट असते, परंतु हवेतील ओझोनमुळे त्याच्या पृष्ठभागावर बारीक भेगा पडतात. ईपीडीएम जातीचे रबर ओझोन आणि ऊन दोन्ही अधिक चांगले सोसते. टीपीई या नावाने ओळखले जाणारे साहित्य रबराची लवचीकता आणि प्लॅस्टिकचा आकार यांचा मेळ घालते. पॉलियुरेथेन सर्वांत चिवट मानले जाते. फाटणे आणि झिजणे या दोहोंना ते दाद देत नाही, पण त्याची किंमतही अधिक असते.

मोटार क्रीडेची जागतिक संघटना ‘एफआयए’ हिच्या नियमांतून एक उपयुक्त मापदंड मिळतो. रॅलीच्या मोटारींचे फ्लॅप लवचीक साहित्याचे असावेत, प्लॅस्टिकचे असल्यास किमान ४ मिलिमीटर जाड असावेत, त्यांनी चाकाची पूर्ण रुंदी झाकावी आणि मोटार रिकामी व उभी असताना त्यांची खालची कड जमिनीपासून १० सेंटिमीटरपेक्षा वर असू नये, असा संकेत तेथे आहे. दैनंदिन वापराच्या मोटारीला एवढा खाली फ्लॅप झेपेलच असे नाही, पण जाडी, लवचीकता आणि रुंदी या तीन कसोट्या जशाच्या तशा लागू पडतात.

दुकानात साध्या हातांनीही परीक्षा करता येते. फ्लॅप दुमडून पाहावा. घडीवर पांढरी रेघ उमटली तर ते साहित्य वारंवार वाकण्यासाठी नाही, असे समजावे. सोडल्यावर तो लगेच मूळ आकारात यायला हवा. रंग काळाच घ्यावा. काळेपणासाठी वापरली जाणारी काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, सूर्याच्या अतिनील किरणांपासून प्लॅस्टिक व रबराचे रक्षण करते. लाल किंवा निळे फ्लॅप आकर्षक दिसतात. मात्र त्यांचे साहित्य उत्तम प्रतीचे नसेल तर ते उन्हात लवकर उडतात. स्क्रूची भोके असलेली जागा जाड आहे का, तेथे धातूची पट्टी किंवा वॉशर दिला आहे का, हेही पाहावे. फ्लॅप बहुधा मधोमध फाटत नाही, भोकापाशीच फाटतो.

मुंबईत ऑपेरा हाउस परिसर आणि कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ अशा ठिकाणी तिन्ही प्रकारांचा माल मिळतो. मोटारीचे मॉडेल, निर्मितीचे वर्ष आणि टायरचे माप सांगूनच खरेदी करावी. एकाच नावाच्या मोटारीच्या दोन पिढ्यांत कमानीचा आकार बदललेला असतो. मूळ टायरच्या जागी रुंद टायर आणि अलॉय चाके बसवली असतील, तर कंपनीचा फ्लॅप टायरची पूर्ण रुंदी झाकतो का, हे प्रत्यक्ष लावून पाहावे. बाहेर डोकावणारा टायरचा दोन सेंटिमीटर भागही दरवाजे रंगवायला पुरेसा असतो.

उंची किती ठेवावी?

फ्लॅप जितका खाली तितका उपयोगी, पण तितकाच तो घासण्याची शक्यता अधिक. ‘गतिरोधकाला लागेल’ ही नेहमीची भीती असते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणित आराखड्यानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच असतो. त्याचा उतार सौम्य असल्याने चाक आणि त्यामागे ४० सेंटिमीटरवर असलेला फ्लॅप यांच्याखालील उंचीत फार तर चार-साडेचार सेंटिमीटरचा फरक पडतो. १२ सेंटिमीटरवर असलेला फ्लॅप अशा गतिरोधकाला स्पर्शही करत नाही. अडचण येते ती गल्लोगल्ली मनमानी पद्धतीने घातलेल्या अरुंद आणि उभ्या उंचवट्यांची.

सर्वसाधारण लहान मोटारीसाठी १२ ते १५ सेंटिमीटर हे अंतर व्यवहार्य ठरते. मोजमाप मात्र रिकाम्या मोटारीवर करून भागत नाही. पाच जण आणि सामान भरल्यावर मागची बाजू काही सेंटिमीटर खाली बसते. म्हणून मागच्या सीटवर माणसे बसवून पुन्हा मोजावे. खडबडीत रस्त्यांवर नेहमी फिरणाऱ्यांनी अंतर थोडे वाढवावे, पण साहित्य लवचीक निवडावे. घासला तरी वाकून पुन्हा सरळ होणारा फ्लॅप, कधीच न घासणाऱ्या आखूड फ्लॅपपेक्षा अधिक उपयोगी असतो.

जोडणी करताना

साच्यातील फ्लॅपचा संच साध्या स्क्रूड्रायव्हर आणि पान्याने घरीही बसवता येतो. मोटार सपाट जागेवर उभी करून हँडब्रेक ओढावा. पुढचा फ्लॅप बसवताना ज्या बाजूचे काम आहे त्याच बाजूला स्टिअरिंग पूर्ण वळवावे. त्यामुळे चाकाची मागची कड आत सरकते आणि कमानीत हात घालायला जागा होते. मागचे चाक काढावे लागले तर मोटार केवळ जॅकवर ठेवून काम करू नये. खाली भक्कम स्टँड द्यावा आणि दुसऱ्या चाकांना अडसर लावावा.

पुढील क्रम पाळणे हिताचे ठरते.

एक, कमानीची आतली बाजू, काठ आणि छिद्रे स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडी करावीत. फ्लॅप आणि रंग यांच्यामध्ये अडकलेली वाळू सँडपेपरसारखी घासत राहते आणि तेथेच गंजाची सुरुवात होते. गंजापासून वाचवण्यासाठी लावलेला फ्लॅपच अशा रीतीने गंजाचे कारण बनतो.

दोन, फ्लॅपचा काठ जेथे रंगाला टेकणार आहे, तेथे रंगसंरक्षक पारदर्शक फिल्मची पट्टी चिकटवावी.

तीन, शक्यतो मोटारीत आधीच असलेली छिद्रे आणि क्लिप वापराव्यात. नवे भोक पाडणे अपरिहार्य असेल, तर ते कमानीच्या आतील प्लॅस्टिकच्या अस्तरात पाडावे, पत्र्यात नव्हे. पत्र्यामागे वायरिंग किंवा इंधनाची नळी असू शकते. शिवाय पत्र्याला भोक पाडल्यास त्या भागाच्या गंजविरोधी वॉरंटीचा प्रश्न निर्माण होऊ शकतो. तसे करावेच लागले, तर भोकाच्या कडांना झिंकयुक्त प्रायमर लावून तो पूर्ण वाळू द्यावा. विजेवर चालणाऱ्या मोटारीत पत्र्यावर ड्रिल चालवण्याचा विचारही अधिकृत सेवा केंद्राला विचारल्याशिवाय करू नये.

चार, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे असावेत. ३०४ दर्जा बहुतेक ठिकाणी पुरतो. समुद्रकिनाऱ्यालगत ३१६ दर्जा अधिक टिकतो. प्रत्येक स्क्रूखाली रुंद वॉशर द्यावा, म्हणजे ताण एका बिंदूवर न येता पसरतो.

पाच, सर्व स्क्रू आधी हलके बसवून फ्लॅप सरळ करावा आणि मगच हाताने आवळावेत. हवेच्या दाबावरील यंत्राने आवळल्यास प्लॅस्टिकला चीर जाते. ती दिसत नाही, पण पहिल्याच धक्क्याला उघड होते.

सहा, रनिंग बोर्डच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी असलेली छिद्रे फ्लॅपने झाकली जात नाहीत ना, हे पाहावे. मागच्या बाजूला सायलेन्सरचा पाइप जवळ असेल, तर फ्लॅप उष्णतेपासून दूर राहील अशी काळजी घ्यावी.

सात, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवून पाहावे. डाव्या चाकाची मागची कड स्टिअरिंग उजवीकडे वळवल्यावर बाहेर येते, उजव्या चाकाची डावीकडे वळवल्यावर. त्यामुळे घासण्याची खरी परीक्षा उलट्या वळणात होते. त्यानंतर मोटार माणसांनी भरून एखाद्या खडबडीत रस्त्यावर सावकाश चालवावी. घासल्याचा आवाज आल्यास त्याच दिवशी फ्लॅप खाली-वर करून घ्यावा.

पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर स्क्रू पुन्हा तपासावेत. नवे साहित्य दबून बसल्याने ते थोडे सैल झालेले असतात.

काय करू नये

मोटार मागे घेताना फुटपाथच्या उंच कडेला चाक टेकवू नये. मागचा फ्लॅप टायर आणि कड यांच्यात चिमटला जातो आणि मोटार पुढे घेताच तो उपटून येतो. निकामी झालेल्या फ्लॅपपैकी बरेच असे तुटलेले असतात. एका स्क्रूवर लोंबकळणारा फ्लॅप तसाच ठेवणे त्याहून धोक्याचे असते. वेगात तो सुटला तर मागच्या दुचाकीस्वाराच्या अंगावर जाऊ शकतो. दुरुस्ती लगेच शक्य नसेल, तर तो काढून ठेवणे श्रेयस्कर.

फ्लॅपकडून अवाजवी अपेक्षाही ठेवू नये. मोटार वेगात जाताना तिच्या मागे हवेची पोकळी तयार होते आणि रस्त्यावरचे बारीक तुषार तिच्यात ओढले जातात. हॅचबॅक मोटारीची मागची काच यामुळेच मळते. फ्लॅप हे तुषार कमी करतो, नाहीसे करत नाही. टायरची नक्षी आणि रस्त्यावर साचलेले पाणी यांच्या मेळातून उठणाऱ्या धुक्यावर वेग कमी करणे हाच परिणामकारक उपाय आहे. वेग निम्म्यावर आणला तर खड्यावरील ओढ चौथाईवर येते, हे गणित येथेही लागू होते. पादचाऱ्यांच्या शेजारून, साचलेल्या पाण्यातून जाताना तर कोणताही फ्लॅप चालकाच्या सौजन्याची जागा घेऊ शकत नाही.

पावसाळ्यानंतरची तपासणी

फ्लॅप बसवला, की काम संपले असे होत नाही. पावसाळाभर त्याच्यामागे, कमानीच्या कोपऱ्यात माती साचत राहते आणि ती आठवडेच्या आठवडे ओली असते. दर धुण्याच्या वेळी पाण्याची धार फ्लॅपच्या मागून, खालून वर अशी मारावी. वर्षातून एकदा चारही फ्लॅप पूर्ण काढून आतली बाजू धुवावी, रंगाचे टवके उडाले असतील तर टच-अप करावे, गंजलेले स्क्रू बदलावेत आणि मगच फ्लॅप पुन्हा बसवावेत.

यासाठी मुहूर्त शोधण्याची गरज नाही. पाऊस ओसरल्यावर खंडेनवमी आणि दसऱ्याला घरोघरी वाहने धुऊन त्यांची पूजा होते. झेंडूचा हार बॉनेटवर चढवण्यापूर्वी अर्धा तास चाकांच्या कमानींसाठी राखून ठेवला, तर पुढच्या पावसाळ्याची निम्मी तयारी त्याच दिवशी पूर्ण होते. ज्या फ्लॅपला भेगा पडल्या आहेत, जो हाताने वाकवल्यावर परत येत नाही किंवा ज्याच्या भोकाची कड फाटली आहे, तो त्याच वेळी बदलावा. काही शे रुपयांचा हा खर्च रनिंग बोर्डच्या पत्राकामाच्या आणि रंगाच्या बिलापुढे किरकोळ असतो. आणि मागच्या दोन फ्लॅपमुळे ज्याच्या डोळ्यांत चिखल गेला नाही, तो दुचाकीस्वार तर या हिशेबात कुठे दिसतही नाही.